हृदयाचे ठोके शिलकीत टाकता येतात का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र एका 52 वर्षांच्या वाचक भगिनींचे आहे. त्यांचे वडील चार वर्षांपूर्वी, वयाच्या 71 व्या वर्षी, हार्ट फेल्युअरने, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटल्याने, गेले. शेवटच्या वर्षात त्यांच्या इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इजेक्शन फ्रॅक्शन 25 टक्के आले होते. पाय सुजत, उताणे झोपले की दम लागे, आणि डॉक्टर ‘हृदय थकले आहे’ असे सांगत. वडिलांचे सारे आयुष्य अंगमेहनतीत गेले होते. तीन महिन्यांपूर्वी या भगिनींनी केवळ खात्री करून घेण्यासाठी स्वतःचा इको केला, तेव्हा हाच आकडा 58 टक्के आला. डॉक्टरांनी ‘सगळे नॉर्मल आहे, रोज चालत जा’ एवढेच सांगितले. पण 58 म्हणजे काठावर पास, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हापासून संध्याकाळचे फिरणे बंद आहे, आणि मनगटावरच्या घड्याळात नाडी 90 च्या वर गेली की त्या बसून घेतात. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर मधूनच ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि झोप उडते. मुलीचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे लिफ्ट नाही, म्हणून तिच्याकडे जाणेही थांबले आहे. त्या विचारतात: ‘माणसाला ठोके मोजूनच मिळालेले असतील, तर ते जपून वापरणे शहाणपणाचे नाही का? मी चालू, की विश्रांती घेऊ?’

ताई,

तुमच्या पत्रातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. वडिलांचा आणि तुमचा असे दोन्ही रिपोर्ट तुम्ही एकाच फायलीत ठेवले आहेत, आणि रात्री झोप उडाली की ती फाइल उघडून 25 आणि 58 हे दोन आकडे पाहत बसता, असे तुम्ही लिहिले आहे. वडिलांना शेवटच्या वर्षात धापा टाकताना जिने जवळून पाहिले, तिला या आकड्यांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही धास्ती ज्या समजुतींवर उभी आहे त्या तपासून पाहायला हव्यात, कारण त्यांतल्या बहुतेक चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यामुळे तुम्ही हृदय जपण्याच्या नावाखाली ते अशक्त करण्याच्या वाटेला लागला आहात.

आधी त्या 58 विषयी बोलू. शाळेपासून आपल्याला शंभरपैकी गुण मोजण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे 58 हा आकडा दिसला की उरलेले 42 कुठे गेले, असे मन विचारू लागते. इजेक्शन फ्रॅक्शन हे गुण नव्हेत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या निलयात, ठोक्यापूर्वी जेवढे रक्त भरलेले असते, त्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकलले जाते, एवढेच तो आकडा सांगतो. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना या कप्प्यात साधारण 120 मिलिलिटर रक्त भरते आणि एका ठोक्याला त्यातले सुमारे 70 मिलिलिटर बाहेर पडते. भागाकार करून पाहा, उत्तर 58 टक्केच येते. उरलेले 50 मिलिलिटर आत राहते आणि ते राहायलाच हवे. निरोगी हृदयात हा आकडा साधारण 50 ते 70 च्या दरम्यान असतो. तो 100 व्हायचा तर निलयाच्या भिंती एकमेकींना चिकटून आतली पोकळीच नाहीशी व्हावी लागेल, आणि तसे कोणाच्याही छातीत होत नाही. मागे उरणारे रक्त ही हृदयाची हातची शिल्लक आहे. तुम्ही जिना चढू लागता तेव्हा हृदय अधिक जोराने आवळते आणि त्या शिलकीतलेही काही बाहेर काढते.

तेव्हा वडिलांचे 25 आणि तुमचे 58 यांच्यात ‘दुपटीहून थोडे जास्त’ एवढाच फरक आहे असे समजू नका. 25 हा आकडा आजारी हृदयाचा होता आणि 58 हा निरोगी हृदयाचा आहे. यासोबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ती अशी की हा एक आकडा चांगला आला म्हणजे हृदयाविषयीचे सगळे प्रश्न मिटले, असे होत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत अडथळा आहे का, हे केवळ या आकड्यावरून कळत नाही, आणि काही माणसांत हा आकडा उत्तम असूनही निलयाची भिंत ताठर झाल्यामुळे ते नीट भरत नाही. म्हणूनच इकोमध्ये भिंतींची जाडी, त्यांची हालचाल, झडपा आणि भरण्याची रीत हेही पाहिले जाते. तुमच्या रिपोर्टमधल्या या ओळी तुम्ही पत्रात उतरवून पाठवल्या आहेत. त्या सगळ्यांपुढे ‘नॉर्मल’ लिहिलेले आहे, आणि तुमची नजर मात्र एकाच आकड्यावर खिळून राहिली आहे.

एका ठोक्यात आत काय घडते हे नजरेसमोर आले, तर पुढचे सारे समजणे सोपे जाईल. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. मेंढीचे हृदय हातात दिले की ते आधी त्याच्या घट्टपणाने चकित होतात, कारण मुठीएवढ्या त्या अवयवात जवळजवळ सगळा स्नायूच असतो. उभा छेद घेतला की दोन्ही निलयांतला फरक बोटांनाच कळतो. उजव्याची भिंत पातळ असते आणि अंगठ्याने दाबली की वाकते, तर डाव्याची भिंत तिच्या जवळपास तिप्पट जाड असते. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोहोचवायचे असते आणि त्यासाठी 25 च्या आसपासचा दाब पुरतो. डाव्याला मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त न्यायचे असते, आणि बी.पी. मोजताना वरचा आकडा जो 120 च्या आसपास येतो, तेवढा दाब त्याला निर्माण करावा लागतो. दाब असा वेगवेगळा असला तरी दोघे पुढे ढकलतात ते रक्त सारखेच असते, आणि ते सारखेच असावे लागते. उजव्याने पाठवलेले सगळे रक्त डाव्याला पुढे नेता आले नाही, तर ते फुप्फुसांत तुंबू लागते. तुमच्या वडिलांना उताणे झोपल्यावर दम लागत असे तो याच तुंबण्यामुळे, कारण आडवे झाले की पायांतले रक्तही छातीकडे परतते आणि अशक्त डाव्या निलयावरचा भार आणखी वाढतो.

त्याच हृदयातल्या महाधमनीच्या, म्हणजे डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, उघड्या तोंडातून मी वरून पाणी ओतून दाखवत असे. तिच्या मुळाशी असलेल्या झडपेच्या तीन पातळ पाकळ्या त्या पाण्याने फुगतात, एकमेकींना भिडतात आणि पाण्याला खाली निलयात उतरू देत नाहीत. त्यांना हलवणारा कोणताही स्नायू तिथे नसतो. रक्त मागे येऊ पाहते आणि त्याच्याच रेट्याने दार मिटते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर ऐकू येणारे ‘लब्-डब्’ म्हणजे झडपा मिटण्याचेच आवाज आहेत. पहिला आवाज वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, आणि निलयांच्या मधल्या झडपा मिटण्याचा असतो, आणि दुसरा निलयांतून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या झडपा मिटण्याचा. झडपेच्या त्या तीन पाकळ्यांच्या लगेच वर, महाधमनीच्या भिंतीत, दोन बारीक छिद्रे दिसतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तिथून निघतात. ही दोन छिद्रे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

ठोक्यांचा हिशेब मांडणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाहीत. यकृतात अन्नापासून सतत नवे रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते, अशी प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याची शिकवण युरोपातल्या वैद्यांनी शेकडो वर्षे मानली. इंग्लंडमधल्या विल्यम हार्वे यांनी 1628 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समजुतीला साध्या गुणाकाराने धक्का दिला. एका ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात, आणि त्या सगळ्यांची बेरीज शरीरात मावणाऱ्या एकूण रक्ताहून जास्त भरते. एवढे नवे रक्त कोणतेही यकृत दर अर्ध्या तासाला तयार करू शकणार नाही, म्हणजे तेच रक्त फिरून फिरून परत येत असले पाहिजे. आजच्या मापाने सांगायचे तर 70 मिलिलिटर आणि मिनिटाला 70 ठोके यांचा गुणाकार जवळपास 5 लिटर होतो, आणि प्रौढ शरीरातले सगळे रक्तही साधारण तेवढेच असते. विश्रांतीच्या वेळीसुद्धा दर मिनिटाला शरीरातल्या सगळ्या रक्ताइतके रक्त हृदयातून पुढे जाते, आणि दिवसभरात ते सुमारे 7,000 लिटर होते.

रक्त वापरून संपते हा तेव्हाचा समज, आणि ठोके वापरून संपतात हा तुमचा, हे दोन्ही मला एकाच जातीचे वाटतात. तुमच्या समजुतीला थोडासा आधार आहे, हे मी नाकारत नाही. उंदरासारख्या लहान प्राण्यांची हृदये फार जलद चालतात आणि ते थोडे जगतात, हत्तीसारख्या मोठ्या प्राण्यांची संथ चालतात आणि ते दीर्घायुषी असतात, त्यामुळे आयुष्यभरातल्या ठोक्यांची संख्या बऱ्याच सस्तन प्राण्यांत जवळपास येते. पण ही तुलना वेगवेगळ्या जातींमधली आहे. एका माणसाच्या नावावर जन्मतःच ठोक्यांचे खाते उघडलेले असते आणि पायऱ्या टाळल्या की त्यात बचत जमा होते, असा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही.

तरीही वादापुरते असे खाते आहे असे धरू आणि हार्वे यांच्याच रीतीने आकडेमोड करू. बसल्या जागी तुमची नाडी 75 असते, असे तुम्ही लिहिले आहे. रोज अर्धा तास भरभर चालताना ती 110 झाली, तर मिनिटाला 35 याप्रमाणे 30 मिनिटांत 1,050 ठोके जास्त खर्च होतील. पण नियमित चालणाऱ्या माणसाची विश्रांतीची नाडी काही महिन्यांत पुष्कळदा थोडी उतरते. ती फक्त 5 ने उतरली असे धरले, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत 7,050 ठोके कमी पडतील. म्हणजे ठोके वाचवणे हेच तुमचे ध्येय असले, तरी त्याचा मार्ग चालण्यातून जातो.

नाडी अशी का उतरते, हे समजायला हृदयाचा एक गुण ठाऊक हवा. जर्मनीत ओटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो दाखवून दिला. निलय जितके अधिक भरते, म्हणजे त्याचे स्नायुतंतू जितके अधिक ताणले जातात, तितक्या जोराने पुढचे आकुंचन होते. हृदय आलेले रक्त पुढे पाठवते, जास्त आले तर जास्त पाठवते, आणि त्यासाठी त्याला वरून हुकूम यावा लागत नाही. व्यायामाची सवय असलेल्या माणसाचे निलय एका वेळी अधिक रक्त सामावते आणि एका ठोक्यात अधिक पुढे ढकलते, म्हणून तेवढेच 5 लिटर न्यायला त्याला कमी ठोके पुरतात.

मग हृदयाला विश्रांती मिळते तरी कधी, असे तुम्ही विचाराल. ती प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये मिळते. नाडी 75 असताना एका ठोक्याचे पूर्ण चक्र 0.8 सेकंदाचे असते. त्यातले सुमारे 0.3 सेकंद निलय आवळलेले असते आणि उरलेले 0.5 सेकंद ते सैल पडून भरत असते. या हिशेबाने 24 तासांपैकी जवळपास 15 तास निलयाचा स्नायू सैलच असतो. आता ती दोन बारीक छिद्रे आठवा. डाव्या निलयाची जाड भिंत आवळते तेव्हा तिच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, त्यामुळे त्या स्नायूला त्याचे स्वतःचे रक्त मुख्यतः या सैल पडण्याच्या काळात मिळते. नाडी वाढते तेव्हा हाच काळ अधिक आखडतो. म्हणून विश्रांतीची नाडी संथ असणे हृदयाच्या हिताचे असते, आणि ती संथ होते नियमित हालचालीने. तुम्ही खुर्चीत बसून घेता तेव्हा तो आकडा त्या क्षणापुरता खाली येतो, पण दीर्घकाळ बैठे राहिल्याने विश्रांतीची नाडी वर सरकण्याचीच शक्यता जास्त असते.

हृदय एकट्याने रक्त फिरवते, हीदेखील एक अर्धवट समजूत आहे. कोणत्याही क्षणी शरीरातले सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांमध्ये असते आणि तिथला दाब फार कमी असतो. पायांतून ते वर आणायचे म्हणजे जमिनीच्या ओढीविरुद्ध आणायचे. हे काम पोटऱ्यांचे स्नायू आणि श्वास मिळून करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, आणि शिरांत ठिकठिकाणी असलेल्या छोट्या झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. हे तुम्हाला स्वतःच्या हातावर पाहता येईल. हात खाली सोडून थोडा वेळ थांबा, म्हणजे शिरा टरारून दिसू लागतील. मनगटाजवळ एका शिरेवर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तीच शीर कोपराच्या दिशेने हलकेच निपटत न्या. दुसरे बोट उचलले तरी वरच्या झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहील, आणि मनगटाजवळचे बोट उचलताच तो खालून भरून येईल. हार्वे यांनी आपल्या वाचकांना हाच प्रयोग चित्रांसह दाखवला होता. तुम्ही तासन्‌तास बसून राहता तेव्हा पोटऱ्यांची ही मदत बंद पडते, आणि जे हृदय जपायचे म्हणून तुम्ही बसता, त्याच्याकडे रक्त परत आणणारा सोबती तुम्ही काढून घेतलेला असतो.

सक्तीच्या विश्रांतीचे काय होते, हे पाहिले गेले आहे. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस इथे 20 वर्षांच्या 5 निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवण्यात आले. कष्टाच्या वेळी ऑक्सिजन वापरण्याची त्यांच्या शरीराची कमाल क्षमता तेवढ्यात सुमारे एक चतुर्थांशाने घटली, आणि हृदय एका ठोक्यात जेवढे रक्त पाठवू शकत होते तेही कमी झाले. पुढे व्यायाम सुरू केल्यावर ती क्षमता परत आली. याच पाच जणांची 30 वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मधल्या तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता नेली होती, तिच्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती असे आढळले. आजारी हृदयाबाबतही वैद्यकाला हा धडा उशिराच मिळाला. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे पडून राहायला लावत. सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि 1952 साली ते अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांना तो अघोरीपणा वाटला होता. आज हार्ट फेल्युअरच्या स्थिर प्रकृतीच्या रुग्णांनाही देखरेखीखाली व्यायाम सांगितला जातो.

वडिलांविषयी लिहिताना मला जपून लिहावेसे वाटते, कारण तुमच्या पत्रात अपराधीपणाचीही एक छटा आहे. त्यांनी जन्मभर कष्ट केले, त्यांना वेळीच थांबवले असते तर ते हृदय टिकले असते, असे तुम्हाला वाटते. ‘हृदय थकले’ हे डॉक्टरांचे शब्द घरच्यांना समजावे म्हणून वापरलेले असतात. कष्टाने दमलेला हात जसा विश्रांतीने ताजा होतो, तसे ते थकणे नसते. डावे निलय दुबळे होण्यामागे बहुधा धमन्यांतल्या अडथळ्याने मेलेला स्नायू, वर्षानुवर्षे अंगावर काढलेला उच्च रक्तदाब, बिघडलेली झडप, मधुमेह, अति मद्यपान किंवा हृदयाच्या स्नायूचाच एखादा आजार असतो. मेहनतीच्या कामाने निरोगी हृदय असे निकामी होत नाही. ताई, तुम्ही त्यांना थांबवायला हवे होते, असे काही नव्हते.

मात्र त्यांच्या आजाराचे मूळ कारण काय होते, हे तुम्हाला शोधता आले तर अवश्य शोधा. जुने कागद, ईसीजी, अँजिओग्राफी झाली असल्यास तिचा अहवाल हे सारे एकत्र करून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. हृदयाच्या स्नायूचे काही आजार घराण्यात उतरतात. तसे काही निघाले, किंवा जवळच्या नात्यात कोणी कमी वयात अचानक गेले असेल, तर तुमची आणि तुमच्या भावंडांची ठरावीक काळाने तपासणी करावी लागेल. वडिलांना उच्च रक्तदाब होता असे निघाले, तर तुमच्यासाठी सर्वांत मोलाची तपासणी इको नसून नियमित मोजलेला रक्तदाब ही असेल. घरात असा आजार पाहिलेल्या प्रत्येकाला माझे हेच सांगणे आहे की ‘हार्ट’ एवढ्या शब्दावर थांबू नका, हृदयाचा कोणता भाग कशामुळे बिघडला हे विचारून घ्या.

रात्री चुकणाऱ्या ठोक्याकडे येते. आपल्या भाषेत काळजाचा ठोका चुकतो तो भीतीने, आणि तुमच्या बाबतीत तो चुकल्यावर भीती येते. यात बहुधा घडते ते असे. हृदयाच्या ठोक्याचा इशारा उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून निघतो. कधीकधी दुसऱ्याच जागेवरून एखादा इशारा वेळेआधी सुटतो. निलय पुरते भरलेले नसताना हा ठोका पडतो, त्यामुळे तो क्षीण असतो आणि मनगटाला लागतही नाही. त्यानंतर थोडी लांब उसंत पडते, तेवढ्या वेळात निलय नेहमीपेक्षा जास्त भरते, आणि मघाशी सांगितलेल्या नियमाने पुढचा ठोका जोराचा बसतो. तुम्हाला जाग आणतो तो हा जोराचा ठोका. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ येते, म्हणून तो तिथे स्पष्ट जाणवतो. असे तुरळक ठोके निरोगी माणसांतही सर्रास आढळतात आणि अपुरी झोप, चिंता, जास्त चहा-कॉफी यांनी वाढतात. तरीही डॉक्टरांना हे सांगा, कारण पत्रावरून ते तुम्ही अजून सांगितलेले दिसत नाही. त्यांना गरज वाटली तर 24 तास ठोके नोंदवणारे होल्टर यंत्र ते लावतील, आणि मग माझ्या अंदाजाची जागा नोंद घेईल.

आता काय करावे? तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. आहे तसे बसून राहणे ही पहिली, आणि ती मी का नाकारते हे वर आलेच आहे. घरच्यांच्या आग्रहाने उद्यापासून एकदम तासभर भरभर चालू लागणे ही दुसरी. तीही मला पसंत नाही, कारण तीन महिने बसलेले शरीर पहिल्याच दिवशी दमेल, छातीत धडधडेल, आणि तुमची जुनी समजूत आणखी घट्ट होईल. तिसरी वाट हळूहळू जाणारी आहे. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर रोज 10 मिनिटे चाला, आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत या. वेग किती असावा, हे बोलून ठरवा. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणावेसे वाटू नये, एवढा वेग योग्य समजावा. यजमानांना सोबत घ्या, म्हणजे बोलायला कोणी असेल आणि त्यांचा आग्रहही कामी येईल.

घड्याळातला 90 चा आकडा मात्र सोडून द्या, कारण त्याला कोणताही आधार नाही. 220 मधून वय वजा केले की नाडीच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज मिळतो. तुमच्यासाठी तो 168 येतो, आणि मध्यम चालण्यात त्याच्या 50 ते 70 टक्के, म्हणजे 84 ते 118 पर्यंत नाडी जाणे अपेक्षितच असते. 90 ला थांबणे म्हणजे चालणे सुरू होताच थांबणे. नाडी मोजायचीच असेल तर सकाळी उठल्यावर, अंथरुण सोडण्याआधी, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. बोटांखाली तुम्हाला एक गंमत जाणवेल. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना संथ होते. हा दोष नाही, निरोगी हृदयाचे ते लक्षण आहे. दिवसभर घड्याळ हातात नको, ते रात्री तर नकोच.

कोणत्या वेळी थांबायचे, हेही स्पष्ट ठाऊक असू द्या. चालताना छातीत दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळ वाटून ती हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे पसरली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, नेहमीच्या कामाला अचानक धाप लागू लागली, पाय सुजले, किंवा धडधड काही केल्या थांबेना, तर चालणे बंद करून डॉक्टरांना गाठा. छातीतले दुखणे बसल्यावरही काही मिनिटांत गेले नाही, तर वाट न पाहता तातडीच्या उपचारासाठी जा. बायकांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा कधी न जाणवलेला थकवा एवढ्यावरही झटका येऊ शकतो, हे इतर वाचक भगिनींनीही लक्षात ठेवावे. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीचा हृदयविकार असलेल्यांनी चालण्याचा हा क्रम आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलेलेच आहे. पुढच्या भेटीत मात्र ‘नॉर्मल’ या शब्दावर उठून येऊ नका. माझे बी.पी., साखर आणि कोलेस्टेरॉल कसे आहेत, घराण्यामुळे मला स्ट्रेस टेस्टची गरज आहे का, आणि रात्रीचा ठोका कशामुळे चुकतो, हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे त्याच कागदावर उतरवून घ्या.

मुलीच्या घराच्या जिन्याची घाई करू नका. अर्धा तास चालणे अंगवळणी पडले की आधी एकच मजला चढा, कठड्याला हात ठेवून उभ्या राहा, मुलीशी एक पूर्ण वाक्य बोला आणि श्वास जुळला की पुढचा मजला घ्या. सपाट रस्त्यापेक्षा जिन्यावर दम जास्त लागतो आणि तो सर्वांनाच लागतो, कारण तिथे स्वतःचे सगळे वजन वर उचलायचे असते. वर पोहोचताच नाडी पाहू नका, ती वाढलेलीच असेल. खुर्चीत बसा, पाणी प्या, दोन मिनिटांनी मनगटावर बोटे ठेवा आणि ती किती खाली आली ते पाहा. चार आठवड्यांनी पुन्हा तसेच मोजा आणि तो आकडा मला कळवा.